घोडबंदर रोडवर फ्लॅट घेतला की माणूस ठाणेकर होतो का?

नौपाडकर (धागाकर्ता)

१६ एप्रिल आला की शाळेच्या, सोसायटीच्या, नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर तोच काळा-पांढरा फोटो फिरतो. इंजिन, मागे डबे आणि खाली 'गर्व आहे ठाणेकर असल्याचा'. १८५३ साली त्या दिवशी बोरीबंदरहून १४ डब्यांत ४०० पाहुणे घेऊन निघालेली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली, हे मलाही पाठ आहे. गाडीबद्दल माझी तक्रार नाही, फोटो पाठवणाऱ्यांबद्दल आहे. त्यातले निम्मे घोडबंदर रोडवरच्या कासारवडवली, पातलीपाडा, आनंदनगर अशा ठिकाणी राहतात. ठाणे स्टेशनचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. मासुंदा तलावाच्या काठी, तलावपाळीला, शेवटचं कधी आलात विचारलं, तर म्हणतात, 'तिकडे पार्किंग कुठे मिळतं?'

माझं म्हणणं स्पष्ट मांडतो, मग तुटून पडा. अभिमान बाळगावा असं ठाण्यात जे काही आहे, ते स्टेशन ते खोपट आणि खारकर आळी ते पाचपाखाडी एवढ्या टापूत आहे. कौपिनेश्वराचं देऊळ, त्याच्या समोर मासुंदा तलाव, तलावाच्या काठाला १९७८ पासूनचं गडकरी रंगायतन नाट्यगृह. १८९३ साली वि. ल. भावे यांनी उभं केलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय. त्याच्याही आधी, १८६६ पासून, 'अरुणोदय' हे वर्तमानपत्र इथून निघत होतं. खाडीच्या अंगाला किल्ला, जो १७३७च्या साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला आणि जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात फाशी झाली. १६ तारखेला रेल्वेचा फोटो पाठवणाऱ्या किती जणांना तीन दिवसांनी येणारी ही तारीख ठाऊक असते?

पत्त्यात 'ठाणे पश्चिम' असलं की विजेचं बिल ठाण्याचं येतं, एवढंच. ठाणेकर व्हायचं तर जांभळी नाक्यावर गणपतीच्या आदल्या दिवशी फुलं घेताना चेंगरावं लागतं. कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारणारे निवृत्त लोक ऐकवतात तेवढं राजकारण ऐकावं लागतं. मॉल आणि घर, घर आणि मॉल, आणि वर 'आमचं ठाणं'. हे मला पटत नाही.

बारावा मजला, कासारवडवली

नौपाडकर काका (काकाच असणार, भाषेवरून कळतंय),

तुमच्या शेजारच्या चाळीत दोन भाऊ होते. दोघांची लग्नं झाली, वन रूम किचन पुरेना. मोठा तिथेच राहिला, धाकटा कुठे गेला? नौपाड्यात पुनर्विकास झाल्यावर चौरस फुटाचा जो भाव झालाय तो ऐकून तो मुलुंडला तर गेला नसेल ना? तो इकडेच आला. माझे वडील चरईत वाढले. मी दहावीपर्यंत घंटाळीजवळ क्लासला जात होतो आणि उतरताना समोसा खात होतो. म्हणजे तुमच्या व्याख्येनं मी दहावीपर्यंत ठाणेकर होतो आणि गृहकर्जावर सही केली त्या दिवशी ठाणेकरपणातून बाद झालो?

आम्ही तलावपाळीला येत नाही, खरंय. का येत नाही ते पण ऐका. जेएनपीटी बंदरातून गुजरातला जाणारे कंटेनर आणि आमच्या मुलांच्या स्कूलबस एकाच रस्त्यावर. मधोमध मेट्रो ४चे खांब. पुढे गायमुखच्या घाटात एक ट्रक बंद पडला की मानपाड्यापर्यंत रांग. रंगायतनचं साडेआठचं नाटक असेल तर माजिवड्यालाच आमची तिसरी घंटा होते. म्हणून आम्ही घाणेकर नाट्यगृहाला जातो. तिथेही मराठी नाटकंच होतात, तुमच्या माहितीसाठी.

आणि जुन्याचंच म्हणत असाल, तर आमच्या रस्त्याला ज्याचं नाव आहे त्या घोडबंदरला किल्ला आहे, तोही पोर्तुगिजांच्या काळातला. कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा ही गावं टॉवर यायच्या आधी कित्येक पिढ्या होती. इकडे सगळं बिल्डरनं पेरलं असं समजू नका.

खोपटचा खवचट

घोडबंदर किल्ला मीरा-भाईंदर महापालिकेत येतो.

बाकी चालू द्या.

बारावा मजला, कासारवडवली

बरं, किल्ला गेला. येऊरचा डोंगर आमच्या खिडकीत आहे, तो तरी राहू द्या.

उथळसरची मावशी

धागाकर्त्याच्या रागाशी सहमत, निष्कर्षाशी नाही.

मी लग्न होऊन डोंबिवलीहून ठाण्यात आले. म्हणजे धागाकर्त्याच्या हिशेबात मी पण बाहेरचीच. पाडव्याच्या शोभायात्रेत मी लेझीम खेळले आहे आणि नऊवारीत स्कूटरही चालवली आहे. (ही शोभायात्रा मुळात १९९९ला डोंबिवलीत सुरू झाली, हे ठाणेकरांना सांगायला मला अजून आवडतं.) दिवाळीच्या पहिल्या पहाटे राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला जी तरुण मुलं येतात, त्यांना एकदा विचारा कुठून आलात ते. कळवा, वागळे, मानपाडा, पार मुंब्रा-दिव्यापासून. नौपाड्यातली मंडळी त्या वेळी खिडक्या लावून घेतात आणि दुसऱ्या दिवशी स्पीकरची तक्रार करतात. मग त्या पहाटेला ठाणेकर कोण, खिडकीतले की रस्त्यावरचे?

एक मात्र धागाकर्त्याचं शंभर टक्के खरं. ग्रंथसंग्रहालयात मी जाते तेव्हा टेबलावर दिसणारी डोकी बहुतेक पांढरीच असतात. तिथे नवीन टॉवरमधलं कोणी दिसत नाही, आणि खरं तर नौपाड्यातलंही तरुण कोणी दिसत नाही. त्यामुळे घोडबंदरवाल्यांना एकट्यालाच झोडू नका.

इतिहासाचा किडा

रेल्वे, रेल्वे काय करताय? ठाणे किल्ल्यात पायाचं खोदकाम करताना १७८७ साली शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, तो इसवी सन १०१७चा आहे. ठाणं ही शिलाहारांची राजधानी होती. मार्को पोलोच्या वर्णनात ठाण्याचं राज्य आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक इथे मारले गेले, त्याच्या नोंदी युरोपात आहेत. रेल्वे आली तेव्हा हे शहर म्हातारं झालेलं होतं. पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली म्हणून ठाणं मोठं नाही झालं. ठाणं होतं म्हणून गाडी इथपर्यंत आणली.

खोपटचा खवचट

ताम्रपट दाखवला की स्टेशनवरून रिक्षा मिळते का?

वाशी, सेक्टर १७

खाडीपलीकडून नमस्कार. ठाणेकरांचं हे घरगुती भांडण वाचून करमणूक झाली. पण सगळे एक गोष्ट गृहीत धरून चाललात, की अभिमान जुन्याचाच असतो. कोणी १७३७ आणतंय, कोणी १०१७.

आमच्या शहराची, नवी मुंबईची, कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांनी मांडली. १७ मार्च १९७०ला ते उभारण्यासाठी सिडको स्थापन झाली. १९९२ला मानखुर्दहून वाशीला लोकल आली. म्हणजे माझ्या आईवडिलांनी या शहराला रांगताना पाहिलंय. मला तेच आवडतं. माझी मुलगी शाळेतून चालत घरी येते, फूटपाथवरून. ठाण्यात फूटपाथवरून चालत येणारी शाळकरी मुलगी मला दाखवा, मी वडापाव देते.

पाण्याचं बोलू? नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं स्वतःचं धरण आहे, खालापूर तालुक्यातलं मोरबे. ठाणे महापालिका थोडं भातसा नदीवरच्या स्वतःच्या योजनेतून घेते, थोडं स्टेम या पाणीपुरवठा संस्थेकडून, थोडं एमआयडीसीकडून, थोडं मुंबई महापालिकेकडून. तलावांचं शहर आणि एप्रिलमध्ये टँकर. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर आणि सुरतनंतर देशात तिसरा नंबर आमचा होता. २ नोव्हेंबर २०२५ला भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तो नेरूळच्या मैदानावर. मी तिथे होते, घसा बसला होता. तो अभिमान खोटा का, केवळ मैदानाला तीनशे वर्षं झाली नाहीत म्हणून? आणि आता विमानतळही आलाय.

खोपटचा खवचट

विमानतळ रायगड जिल्ह्यात आहे.

वाशी, सेक्टर १७

तुमच्याकडे सात-बारा तयारच असतात वाटतं.

नौपाडकर (धागाकर्ता)

सेक्टर १७ ताई, फूटपाथचं मान्य, तो ठाण्याचा जुना आजार आहे. पण नियोजनाचं कौतुक थोडं हात राखून करा. वाशीत सिडकोनंच बांधलेल्या जेएन टाइपच्या इमारती धोकादायक ठरल्या, लोक वर्षानुवर्षं टेकू लावून राहिले. आमच्याकडे शंभर वर्षांचे वाडे उभे होते.

मुख्य मुद्दा वेगळा आहे. धरण, फूटपाथ, स्वच्छता या सोयी झाल्या. त्या असाव्यातच. पण पाणी चोवीस तास आलं म्हणून कोणी डोळ्यांत पाणी आणत नाही. परगावी गेल्यावर ठाण्याची आठवण येते ती तलावपाळीच्या कट्ट्याची. वाशीची कशाची येते, सिग्नलची?

बारावा मजला यांना: चरईत वाढलात ना? मग तुमच्यावर हा धागा नाहीच. तुमच्या मुलाबद्दल विचारतोय. त्याला तलावपाळी दाखवलीत का?

बारावा मजला, कासारवडवली

दाखवली. त्यानं विचारलं, 'बाबा, आत पोहता येतं का?' नाही म्हटल्यावर म्हणाला, 'मग काय करायचं इथे?' मी त्याला बोटीत बसवलं, भेळ दिली, कौपिनेश्वरला नेलं. आवडलं त्याला. पण आम्हाला एक गोष्ट कबूल करा काका, त्याला त्याचं ठाणं उपवन तलावाला आणि आमच्या सोसायटीमागच्या डोंगरात सापडलंय. पावसात येऊरच्या उतारावरून धबधबे दिसतात ते मोजत बसतो. त्याला मी 'हे ठाणं नव्हे' असं सांगू?

वाशी, सेक्टर १७

नौपाडकर, एप्रिल-मेमध्ये एपीएमसीच्या फळबाजारावरून गेलात कधी? अख्ख्या मुंबईचा हापूस आमच्या नाकासमोरून जातो. ही आठवण कोणत्या सिग्नलची म्हणायची?

घणसोली गावठाण

सेक्टर १७ ताईंनी शहराचा जन्म १९६५चा सांगितला. कागदावरचा असेल. आमचं गाव तेव्हा होतंच, भातशेती होती, खाडीत मासे होते. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी सिडकोसाठी गेल्या. तुम्ही ज्याला सेक्टर म्हणता, त्याला आमच्या घरात अजून शेताच्या नावानं ओळखतात. आई नातवाला क्लासला पाठवते तेव्हा सेक्टर सांगत नाही, कोणाच्या खाचरावर ती इमारत आहे ते सांगते, आणि पोरगा बरोबर पोचतो.

जानेवारी १९८४मध्ये मोबदल्यासाठी आंदोलन झालं, दि. बा. पाटील पुढे होते. उरण तालुक्यात जासई आणि नवघरच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. जून २०२१ला विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून हजारो माणसं सिडको भवनावर गेली, तेव्हा सेक्टरमधल्या ग्रुपांवर 'ट्रॅफिक का जाम आहे' एवढीच चर्चा होती. मी वाचलीये. म्हणून ताई, तुमचा अभिमान खोटा नाही, पण तो आमच्या शेतात उभा आहे हे कधीतरी फोटोखाली लिहा.

आणि नौपाडकरांना सांगायचंय ते वेगळंच. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबईची सगळी जुनी गावं ठाणे तालुक्यात आहेत. आमचा सात-बारा, आमचे फेरफार, आमचे दाखले हे सगळं ठाण्याच्या मामलेदार कचेरीत. आमचे आजोबा कळव्याच्या पुलावरून कचेरीत यायचे, दिवसभर बाकड्यावर बसायचे, तलाठी 'उद्या या' म्हणाला की कचेरीजवळची ती मामलेदार मिसळ खाऊन परत जायचे. आज तिथे जी रांग लागते, 'तिखट का मध्यम' विचारतात, तिचे अर्धे फोटो तुमच्या ठाणेकर अभिमानात असतात. ती मिसळ कोणी चालवली? कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसांनी. शहापूर, भिवंडीकडचे पक्षकारही त्यात आले. स्टेशन ते खोपट एवढ्याच टापूतल्या लोकांनी खाल्ली असती तर तिचं नाव कचेरीवरून पडलं नसतं.

खोपटचा खवचट

म्हणजे विश्वचषक ठाणे तालुक्यात जिंकला. पेढे वाटा.

इतिहासाचा किडा

घणसोली गावठाण यांच्या प्रतिसादाला +१. जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे आजूबाजूच्या माणसांच्या चपला झिजतात ती जागा. आपण ज्याला जुनं ठाणं म्हणतो त्यातलं कोर्ट, कचेरी, तुरुंग, सिव्हिल हॉस्पिटल, वेड्यांचं हॉस्पिटल, सगळं बाहेरच्यांसाठी होतं.

भोंगा, वर्तकनगर

इतका वेळ गप्प वाचत होतो. तीन तास झाले, एकानंही वागळे इस्टेटचं नाव घेतलं नाही. मावशींनी 'वागळे' म्हटलं, तेही स्पीकर वाजवणाऱ्या पोरांच्या यादीत.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे वागळे इस्टेट. रेमंडची जेकेग्रामची लोकरीची गिरणी तर १९२५ची. पोखरण रोडला, माजिवड्याला, कोळशेतला एकामागून एक कारखाने होते. माझे वडील रोड नंबर १६ला एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होते. आमचं घड्याळ कारखान्याचा भोंगा होता. सातच्या भोंग्याला दूध, साडेतीनच्या भोंग्याला चहा. नौपाड्यात क्लास आणि नाटकं चालू होती तेव्हा या बाजूला तीन पाळ्यांत शहर चालू होतं. नाशिक, सातारा, कोकण, खानदेश, उत्तर प्रदेश, दक्षिणेतली माणसं इथे खोल्या घेऊन राहिली. किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर त्यांनीच भरली.

आज त्याचं काय उरलंय? बस स्टॉप. रिक्षावाल्याला 'नितीन कंपनी' सांगा, तो 'कुठली कंपनी' विचारत नाही, मीटर टाकतो. 'गोल्डन डाइज' नाक्यावर आता रंगाचा एक थेंब बनत नाही. 'कॅडबरी' म्हटलं की पूल आठवतो, चॉकलेट नाही. शाळेतून येताना त्या वळणावर वारा योग्य दिशेनं असला की आम्ही मुद्दाम सावकाश चालायचो, एवढं मी सांगू शकतो. रेमंड बंद झाली आणि तिच्या जागेवर टॉवर आले, त्यांची जाहिरात तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. त्यात तलाव होता, बाग होती. गिरणी नव्हती.

पहिल्या गाडीचे म्हणून फोटो फिरतात, किल्ल्याचे नकाशे आहेत, ताम्रपट आहे. वागळेतल्या कामगारांच्या नावानं एक पाटी मला दाखवा. नौपाडकर, तुमच्या टापूत आमची वसाहत बसत नाही. बारावा मजला, तुमच्या टॉवरखाली कदाचित आमच्यापैकी कोणाचा तरी कारखाना आहे. दोघांनाही विचारतो, शहराचा पगार कोणी काढला?

बारावा मजला, कासारवडवली

याला उत्तर नाही. वडिलांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले, साडेतीनचा भोंगा चरईपर्यंत ऐकू यायचा.

नौपाडकर (धागाकर्ता)

भोंगा, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका. वागळेवर माझा राग कधीच नव्हता. वागळेतले लोक नाटकाला, पुस्तकाला, भाजीला याच टापूत येत होते, म्हणून ते ठाणेकर होतेच. माझी व्याख्या राहण्याच्या जागेची नाही, येण्याजाण्याची आहे. आजच्या टॉवरमध्ये जिम आहे, किराणा आहे, देऊळ आहे, मिनी थिएटरसुद्धा आहे. तिथल्या माणसाला गेटबाहेर पडायचं कारणच बिल्डरनं ठेवलेलं नाही. मग अभिमान तरी त्यानं गेटच्या आतलाच बाळगावा.

उथळसरची मावशी

गेटच्या आत कामाला येणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, इस्त्रीवाले बाहेरूनच येतात हो. ते ठाणेकर आहेत की नाही, ते पण एकदा ठरवून टाका.

चेंदणीकर

माझा प्रश्न साधा आहे. धागाकर्त्यानं नकाशा आखला, 'स्टेशन ते खोपट'. स्टेशनला दोन बाजू असतात. पूर्वेला कोपरी आहे, चेंदणी कोळीवाडा आहे, मीठबंदर आहे. ते यात कुठे? इतके प्रतिसाद झाले, पूर्वेचा 'पू' कोणी काढला नाही.

आमचा कोळीवाडा आज रुळांच्या दोन्ही बाजूंना आहे. माझी आत्या पूर्वेला, आम्ही पश्चिमेला. लहानपणी पुलावरून डबे पोचवायचो. १८५३ची गाडी ज्यांचा अभिमान आहे त्यांचा असू दे. इथे त्या गाडीच्या आधीपासून कोणी तरी राहत होतं, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं. तुम्ही सगळे, नौपाड्याचे, वागळ्याचे, घोडबंदरचे, गाडीतून उतरलेले. कोण आधीच्या गाडीनं, कोण नंतरच्या.

खाडीचं नाव आत्तापर्यंत ओझरतंच आलं. याच खाडीत निवट्या, बोई, चिंबोऱ्या, कोळंबी मिळत होती. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी आणि शहराचं सांडपाणी आलं, मासळी कमी होत गेली. (भोंगा भाऊ, तुमच्या वडिलांच्या पिढीबद्दल आदर आहे, पण या गोष्टीला ही बाजू पण आहे.) आता २०२२ पासून ठाणे खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, रोहित पक्षी बघायला माणसं ऐरोलीहून बोटीत बसतात. चांगलंच आहे. आमची पोरं तिथे बोटी चालवतात, कोणत्या भरतीला पक्षी कुठे बसतात ते त्यांना बघावं लागत नाही. नारळी पौर्णिमेला आम्ही वाजतगाजत खाडीवर जातो. या वर्षी या सगळ्यांनी. पार्किंग नाही, चालत या.

वाशी, सेक्टर १७

येईन. ट्रान्सहार्बरची लोकल थेट आहे. घणसोलीकर, तुम्ही येताय का? आणि तुमच्या फोटोखाली लिहिण्याच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करतेय, राग आला होता, अजून थोडा आहे. आमच्या आईवडिलांनी पण ते घर फुकट घेतलं नव्हतं, सोडतीत नंबर लागला आणि हप्ते फेडले.

घणसोली गावठाण

हप्ते तुम्ही सिडकोला दिले. आमचं भांडणही सिडकोशी आहे. भेटू पौर्णिमेला.

इतिहासाचा किडा

विषय स्टेशनवर आलाच आहे तर: ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवीन स्टेशन होतंय, मनोरुग्णालयाच्या जागेतल्या काही भागावर. १९०१ पासूनचं हॉस्पिटल आहे ते. ते झालं की घोडबंदरची बरीच गर्दी तिकडे वळेल. मग नौपाडकरांची तक्रार आणखी पक्की होणार, हे लोक जुन्या ठाणे स्टेशनात पाऊलही टाकणार नाहीत.

खोपटचा खवचट

एवढी वर्षं अख्खा महाराष्ट्र म्हणायचा, 'याला ठाण्याला पाठवा'. आता अर्धं घोडबंदर रोज सकाळी आपणहून तिथे जाणार.

बारावा मजला, कासारवडवली

घोडबंदरहून तिथपर्यंत पोचलो तर वेडे झालेलोच असू, दाखल करून घ्या.

नौपाडकर (धागाकर्ता)

हसा. पण त्या स्टेशनाचं नाव काय ठेवणार ते आत्ताच ठरवा. 'ठाणे' हा शब्द त्यात असू नये असं माझं मत आहे. ठाणे स्टेशन एकच, १८५३चं.

चेंदणीकर

पूर्वेला आहे की पश्चिमेला, आधी ते सांगा.

खोपटचा खवचट

'नवीन ठाणे' मात्र ठेवू नका. नव्या मुंबईवाले हक्क सांगायला येतील आणि तालुका एकच असल्यामुळे आपल्याला नाही म्हणता येणार नाही.

उथळसरची मावशी

नावाचं मागून बघा हो. फास्ट थांबणार आहे का तिथे? आमची सून रोज दादरपर्यंत उभ्यानं जाते.